लपणात मी होते

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय... क्लिनिकमध्ये, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, चहा पिताना. आणि खरं सांगते – बहुतेक वेळा वाचून हसतेच. मी दातांची डॉक्टर आहे. भीती वाटली की माणसाला काय काय जाणवतं, हे मी रोज बघते. सुई टोचायच्या आधीच "दुखलं!" म्हणून ओरडणारे लोक माझ्या खुर्चीत बसतात. त्यामुळे कुणी काही विलक्षण सांगायला लागलं की माझ्या डोक्यात आधी प्रश्न येतात – झोप झाली होती का? पोटात काही होतं का? ताप होता का? आज हेच प्रश्न तुम्ही मला विचारणार. विचारा. माझे स्वतःला विचारून झालेत.

झालं असं, की माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि उन्हाळाभर क्लिनिक बंद ठेवायची वेळ आली. पुण्यात घरी बसून आईच्या मालिका बघायच्या, नाहीतर फोन चाळायचा. तेव्हा धाकटा भाऊ मंदार म्हणाला, "ताई, माझ्याकडे ये. तसाही मला माणूस हवाय."

मंदार पक्ष्यांवर संशोधन करतो. यावलच्या पुढे केळीच्या बागा संपल्या की सातपुडा सुरू होतो, आणि तिथे वर अभयारण्य आहे. माझ्या मैत्रिणी त्याला नॅशनल पार्कच म्हणतात. तिथे तो रानपिंगळ्याचा अभ्यास करत होता. घुबडाच्या जातीचा, मुठीएवढा, फार दुर्मिळ पक्षी. गंमत म्हणजे हा दिवसाढवळ्या शिकार करतो. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायचं ते उन्हात. पक्ष्याच्या काळजीपोटी नेमकी जागा सांगत नाही, पण बाकी सगळं जसंच्या तसं सांगते.

राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. पत्र्यावर सागाची पानं टाकलेली, तरी दुपारी आत भाजून निघायचं. वीज सकाळी यायची आणि मनाला येईल तेव्हा जायची. मोबाइलला रेंज फक्त मागच्या टेकडीवर. स्वयंपाकाला अक्का होत्या. साठीच्या पुढच्या, मूळ धुळे जिल्ह्यातल्या, शिरपूरकडच्या. मुलगा यावलला असतो म्हणून दर हंगामात मंदारच्या कॅम्पवर येणाऱ्या. अहिराणी बोलायच्या आणि मला ती कळते की नाही याची अजिबात फिकीर करायच्या नाहीत. पंधरवड्यात कळायला लागली. चौथा माणूस गिनाभाऊ, पावरा समाजातला, जंगल राखणारा, कमी बोलणारा. बस्स, एवढीच माणसं.

आधी मला करमेना. नंतर मात्र मी चक्क रमले. रोज सकाळी कोरडा नाला ओलांडून लपणात जाऊन बसायचं. लपण म्हणजे पक्षी बघायला केलेला आडोसा. बांबूच्या तट्ट्या चारी बाजूंनी उभ्या केलेल्या, वर पळसाची वाळकी पानं, आत एक प्लास्टिकचं स्टूल. समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट, बाजूला दाराऐवजी गोणपाट लटकवलेलं. आत एक माणूस कसाबसा मावतो. उभं राहिलं तर डोकं पानांना लागतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तुम्ही म्हणाल की कोपऱ्यात दिसली नसशील. त्यात दडायला कोपराच नव्हता हो.

त्या दिवशी मंदार सकाळीच जीप घेऊन जळगावला गेला होता. पक्ष्यांचे आवाज टिपायच्या रेकॉर्डरची बॅटरी आणायची होती. मी फोन क्वार्टरमध्येच चार्जिंगला लावला, पाण्याची बाटली, दुर्बीण आणि शिट्टी घेतली आणि लपणात जाऊन बसले. रात्री झोप छान झाली होती. नाश्त्याला पोहे खाल्ले होते. ताप नव्हता.

समोरच्या सालईच्या झाडावर रानपिंगळ्याची जोडी होती. मादीने एक सरडा आणला, पिल्लाला भरवला. मी वेळ बघत होते, डाव्या हाताने खुणा करत होते. सगळं रोजच्यासारखं. कुठे शुकशुकाट झाला नाही, गार वारा आला नाही, अंगावर काटा आला नाही. हे सगळं लोक लिहितात म्हणून सांगतेय... माझ्या बाबतीत काहीही झालं नाही. झाडांवरचे किडे किर्र ओरडत होते. ऊन चढलं, पक्षी पानांत गेले, मला भूक लागली. मी उठले आणि गोणपाट बाजूला सारायला हात लावला.

ते हललं नाही.

हात गोणपाटालाच लागला होता. तो खरखरीत स्पर्श, तो धुळकट वास. पण कापड हलेना. भिंतीवर गोणपाट चिकटवलेलं असावं तसं. मी जोर लावला, खांद्यातून कळ गेली. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली – अस्वल! बाहेरून अस्वल टेकून बसलंय. त्या भागात अस्वलं आहेत, आणि मंदारने बजावून ठेवलं होतं की अस्वल जवळ असेल तर आवाज करायचा नाही. मी श्वास रोखून परत स्टुलावर बसले. बराच वेळ तशीच. ना घोरणं, ना नखांचा आवाज, ना तो कुबट वास. शेवटी फटीतून वाकून, मान तिरकी करून बाहेर बघितलं. बाजूला काही नव्हतं. ऊन, वाळकी पानं आणि माझीच सकाळची पावलं.

मग मी तट्टीला हात लावला. ही तट्टी म्हणजे काय – मी टेकले तरी करकरायची, मंदार म्हणायचा ताई जपून, पाडशील. ती आता दगडासारखी. पायाने लाथ मारली. वरची पानं ढकलली. एक पान मोडलं नाही. फटीतून बोटं बाहेर काढायला गेले... आणि बोटं फटीच्या कडेलाच थांबली. तिथे काही नव्हतं. पलीकडची सालई मला स्वच्छ दिसत होती. पण बोटं पुढे जाईनात.

मी शिट्टी वाजवली. ओरडले. पुन्हा वाजवली.

तेवढ्यात अक्कांची हाक आली. "ताई वं! जेवाले चाल!"

मला रडूच आलं. इतकं हायसं वाटलं! मी ओरडले, "अक्का, इथे आहे! दार अडकलंय, ओढा बाहेरून!"

त्या नाल्यातून चढून येताना फटीतून दिसल्या. डोक्यावर पदर, हातात काठी. "ताई, ओ ताई! कोठे गयी वं तू?"

"इथेच! लपणात!"

अक्का चालत आल्या. आणि त्यांनी गोणपाट एका हाताने, अगदी सहज, पडदा सारावा तसं वर उचललं. ऊन आत आलं. त्या वाकल्या. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर लांब होता. नाकातली चमकी, कपाळावरचा घाम, सगळं दिसत होतं. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं... म्हणजे माझ्या जागेकडे. डोळे माझ्यावरून फिरले आणि मागच्या तट्टीवर गेले.

"आठे बी नही शे," त्या स्वतःशीच म्हणाल्या – इथेही नाही. आणि गोणपाट सोडलं.

मी झेप घेतली. गोणपाट पुन्हा भिंत झालं होतं.

पुढचं सलग आठवत नाही. किंचाळले असेन, ढकललं असेल. हाताची सालटी निघाली होती, ती नंतर सगळ्यांनी बघितली. अक्का परत गेल्या आणि गिनाभाऊला घेऊन आल्या. दोघांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. गिनाभाऊने पावलं बघितली.

"डॉक्टरबाई आत गेल्यात," तो म्हणाला. "बाहेर आलेल्या दिसत नाहीत."

"मंग कोठे जाई ती? मी पाह्य ना आत!"

गिनाभाऊने गोणपाट वर केलं. या वेळी मी तयार होते, समोरच उभी होते. ऊन आत आल्याबरोबर मी पुढे झेपावले, आणि जिथे उघडी जागा दिसत होती तिथेच छातीवर आपटून मागे आले. फटीसारखंच. तो मात्र खाली वाकला, हात आत घातला आणि माझ्या पायाजवळची पाण्याची बाटली उचलली. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. धरलं म्हणजे... माझे हात त्याच्या मनगटाभोवती होते, पण हाताला काही लागलंच नाही. मनगट निघून गेलं. बाटली गेली.

"बाटली हाय. बाई नाय," तो म्हणाला.

मला तेव्हा खरी भीती वाटली. आतापर्यंत होती ती धांदल होती. खानदेशातला मे महिना, भर दुपार, वर नावापुरती सावली, आणि माझं पाणी घेऊन गेलेत. मी डॉक्टर आहे, यापुढे काय होतं हे मला पाठ आहे. आधी तोंड कोरडं, मग डोकं दुखणार, मग घाम यायचा थांबणार. मी स्टुलावर बसले आणि हलायचं नाही असं ठरवलं. ओरडायचं नाही, शक्ती घालवायची नाही. पण दर थोड्या वेळाने हात आपोआप गोणपाटाकडे जायचा.

मंदार आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जीप नाल्यापलीकडे थांबल्याचा आवाज आला आणि तो धावतच आला. त्याने गोणपाट वर केलं, बघितलं, पुन्हा बघितलं. तोंडाने "ताई? ताई?" चालूच. मी त्याच्या तोंडावर म्हणत होते, "मंद्या, इथे. मंद्या, बघ ना रे."

त्याने गिनाभाऊला टेकडीवर जाऊन फोन करायला पाठवलं, अक्कांना नाल्यात खालपर्यंत बघायला सांगितलं. आणि दोघं गेल्यावर तो लपणासमोर मातीत फतकल मारून बसला. कधीही आरतीला हात न जोडणारा माझा भाऊ. बाबा गेले तेव्हा दहाव्याला बसायलाही तयार नव्हता. तो डोकं धरून हळूच म्हणाला, "बाबा, हिला सांभाळा."

मी फटीला डोळा लावून ऐकत होते. 

मग लोक जमले. खालच्या पाड्यावरचे काही जण आले, गिनाभाऊ आला. डोंगराच्या बाजूला शोधायचं ठरलं. मंदार म्हणाला, "अक्का, तुम्ही क्वार्टरवर जा. ती तिकडे आली तर..."

"नही," अक्का म्हणाल्या. "तुम्ही जा. मी आठेच बसस."

"इथे कशाला? इथे तर बघितलं आपण."

"आठेच बसस म्हंतं ना भाऊ! जा तुम्ही."

सगळे गेले. आवाज लांब लांब गेले. ज्यांनी मला सोडवायचं तेच मला शोधायला लांब निघून गेले... त्या क्षणाचं काय सांगू. अक्का मात्र गोणपाटाच्या शेजारच्या तट्टीला पाठ टेकून बसल्या. तट्टी करकरली. सकाळपासून माझ्या लाथांनी न हललेली तट्टी त्यांच्या पाठीने आत वाकली. मी तिथे तळवा ठेवला. बांबूच्या पट्ट्यांमधून त्यांच्या पाठीची ऊब लागत होती. दिवसभरात हाताला लागलेलं ते पहिलं माणूस.

आणि त्या बोलायला लागल्या. कुणाशी ते माहीत नाही. "भाकर थंडी व्हयी गयी तुनी," त्या म्हणाल्या. "वांगानी भाजी करेल व्हती, तुले आवडस म्हनीसन. आते कोण खाई ती? सांग ना. कोण खाई?" आणि पुन्हा, "पानी बी पेनी नही व्हशी. काय करू वं माय मी तुनं..."

मी डोकं तट्टीला टेकून ऐकत राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. घाम यायचा थांबला होता. मी कशीबशी स्टुलावर येऊन बसले. डोळ्यांपुढे पांढरं व्हायला लागलं होतं.

अक्कांच्या तोंडावर मावळतीचं ऊन येत असावं. त्या कण्हत उठल्या. गोणपाट वर झालं. मला त्या आत वाकताना दिसल्या, पण मी ना हाक मारली ना हात पुढे केला. आता काय उपयोग, असं झालं होतं. अक्का आत शिरल्या, सावलीत बसायला वळल्या, माझ्याकडे पाठ केली, लुगडं सावरलं आणि स्टुलावर बसल्या.

माझ्या मांडीवर.

त्यांचं सगळं वजन माझ्या मांड्यांवर आलं. खरंखुरं, जड, दुखणारं वजन. अक्कांनी अशी किंकाळी फोडली की झाडावरचे पक्षी उडाले. त्या उठल्या, वळल्या, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत किंचाळत होतो. मग त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. चाचपलं. गालावर एक चापट मारली, चांगली जोरात. आणि बखोटीला धरून मला ओढत बाहेर काढलं. त्या गोणपाटातून मी अशी बाहेर आले, जशी रोज येते तशी. कापड माझ्या कानाला घासून गेलं, एवढंच.

"आठे शे! ओ मंदारभाऊ! ताई आठे शे!" अक्का नाल्याकडे तोंड करून ओरडत होत्या. दुसऱ्या हाताने माझा दंड घट्ट धरलेला होता. यावलच्या दवाखान्यात मला सलाइन लावेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं – उष्माघात होता होता राहिला. बरोबरच आहे. मंदारने तेच धरून ठेवलं. म्हणाला, "ताई, तू ग्लानीत कुठेतरी भटकलीस आणि नंतर परत येऊन लपणात बसलीस."

"परत आले कधी? अक्का दाराशीच बसल्या होत्या."

"त्यांना डुलकी लागली असेल."

"नही लागनी!" अक्का कोपऱ्यातून कडाडल्या.

मी मंदारला म्हटलं, ठीक आहे, मी भटकले असेन. पण अक्का भाजीचं काय बोलल्या ते मला कसं कळलं? मी ते सांगितलं, आणि अक्का तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या. मंदार म्हणाला, त्या रोजच वांग्याची भाजी करतात. मग मी त्याला त्याचं वाक्य सांगितलं. बाबांचं.

तो खुर्ची मागे सरकवून उठला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. त्यानंतर आजपर्यंत त्याने उष्माघात हा शब्द माझ्यासमोर काढलेला नाही.

गिनाभाऊने दुसऱ्याच दिवशी ते लपण मोडून टाकलं. मी त्याला विचारलं, त्या जागेबद्दल काही बोललं जातं का, जुनी माणसं काही सांगतात का. मला वाटलं होतं काहीतरी गोष्ट निघेल – कुणी मेलं असेल, कुठला देव असेल. निदान धरायला काहीतरी. तो म्हणाला, "नाही बाई. त्या जागेचं आम्ही कधी काहीच ऐकलं नाही. आमची गुरं बसतात तिथं."

मी जून लागेपर्यंत तिथेच राहिले. लोकांना आश्चर्य वाटतं, पण पुण्याला एकटीने प्रवास करायची माझी हिंमत नव्हती. अक्का शेजारी खाट टाकून झोपायच्या आणि मी न्हाणीत गेले तरी बाहेर उभ्या राहून बोलत राहायच्या.

आता क्लिनिक सुरू झालंय. दार मी उघडंच ठेवते. पेशंट म्हणतात, मॅडम, एसीचा काय उपयोग. मी म्हणते, राहू दे. खुर्चीतल्या माणसाने माझ्याकडे नीट बघितलं नाही, नुसतं छताकडे बघत राहिला, तरी मी काहीतरी विचारते आणि उत्तराची वाट बघते. त्याने "हो डॉक्टर" म्हटलं की पुढे काम.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी देणार असेल तर जरूर द्या, मी आता हसणार नाही. भास म्हणावा, तर तीन माणसांनी रिकामं लपण बघितलं. आणि मी तिथे नव्हते म्हणावं, तर मी कुठे होते?

अक्कांचा फोन दर रविवारी येतो. मागच्या खेपेला मी धीर करून विचारलं. "अक्का, तुम्ही बसायला म्हणून आत आलात ना, तेव्हा आधी वाकून बघितलं होतंत?"

"पाह्यं ना. साप-इच्चू राहस, पाह्यं बिगर कशी बसू?"

"मग काय दिसलं?"

"टूल."

"रिकामं?"

 मग त्या म्हणाल्या, "रिकामंच व्हतं वं ताई. म्हनीसन तं बसनू ना मी."